घराची डागडुजी आणि पाण्याची वाट



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिच्या पाठोपाठ गावोगाव अशा व्याख्यानमाला निघाल्या. धर्म, राजकारण, इतिहास, शास्त्र, वाङ्मय अशा थोर विषयांची चर्चा या व्यासपीठांवरून होत आली आहे. त्या परंपरेत आज मी गच्ची, गिलावा, पन्हळ आणि मोरी यांविषयी बोलणार आहे. विषय बेताचा आहे असे कोणाला वाटल्यास माझी तक्रार नाही. परंतु मध्यमवर्गीय माणूस आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम घरावर खर्च करतो, वीस-वीस वर्षे त्याचे हप्ते फेडतो आणि एकदा किल्ली हातात आली की त्या घराकडे दिवाळीच्या रंगापलीकडे पाहत नाही. ‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. मी म्हणतो, बांधणे सोपे, कारण ते एकदाच करावे लागते. राखणे अवघड, कारण ते दरसाल करावे लागते.

दुसरे असे की या विषयाला हीच ऋतुसंधी योग्य आहे. मृग लागायला आता थोडेच आठवडे उरले आहेत. पाऊस सुरू झाल्यावर गवंड्याला बोलावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. त्या वेळी गवंडी मिळत नाही, मिळाला तर गिलावा वाळत नाही आणि वाळला तरी ओल आतच कोंडलेली राहते.

डागडुजीचा विषय अफाट आहे. दार-खिडक्या, फरशी, रंग, वीज, वाळवी, एक ना दोन! या सर्वांची जंत्री देऊन आपला वेळ घेण्याचा माझा विचार नाही. आज एकाच गोष्टीवर भर द्यावयाचा आहे, ती म्हणजे पाणी. घराचे लाकूड कुजते ते पाण्याने, वाळवी येते ती ओलीच्या मागाने, लोखंड गंजते ते पाण्याने, मातीची भिंत बसते ती पाण्याने आणि रंगाचे पोपडे निघतात तेही पाण्यानेच. पाण्याचा बंदोबस्त ज्याने केला त्याची तीन चतुर्थांश डागडुजी झाली असे समजावे.

मात्र बंदोबस्त म्हणजे काय, याविषयी आपल्या मनात एक मोठा गैरसमज आहे. ओल दिसली की ती झाकायची, ही आपली रीत. डाग दिसला, रंग दिला. पोपडा निघाला, गिलावा चढवला. गच्ची गळली, कोबा ओतला. कोबा गळला, त्यावर डांबर; डांबर वितळले, त्यावर फरशी. थरावर थर! पाणी मात्र त्या थरांखाली सुखाने नांदत असते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो असा. म्हणून आजच्या व्याख्यानाचे सूत्र मी आरंभीच सांगून टाकतो. पाणी झाकू नका, पाण्याला वाट द्या. कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पाणी कोठून आले? ते येथे का थांबले? आणि ते बाहेर कसे जाईल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत एक घमेले सिमेंटही कालवू नका.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण फसवितो तोच. डाग दिसतो तेथेच गळती असते असे नाही. पाणी सळईवरून, वाशावरून, नळाच्या पाठीवरून दहा-दहा फूट चालत जाते आणि सोयीची जागा मिळाली की टपकते. मागच्या खोलीत थेंब पडतो म्हणून मागची गच्ची खणावी, तर भेग निघते पुढच्या कठड्याच्या मुळाशी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तेव्हा ओलीची जात आधी ओळखली पाहिजे. ढोबळमानाने तिच्या चार जाती आहेत. पहिली आकाशातून येणारी, म्हणजे छपरातून, गच्चीतून अथवा पावसाची झड बसणाऱ्या भिंतीतून. दुसरी जमिनीतून वर चढणारी. दिव्यातील वात जसे तेल ओढते तशी विटेची भिंत जमिनीतील पाणी वर ओढते. तिसरी नळाची आणि मोरीची. चौथी हवेची. दमट हवा थंड भिंतीला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसे.

या चार जाती ओळखण्याची साधने महाग नाहीत. पहिले साधन म्हणजे पंचांग! वैशाखात जी भिंत ओली आहे ती पावसाने ओली नाही. तिचा दोष नळात, मोरीत किंवा जमिनीत आहे. आज घरी गेल्यावर भिंतींना हात लावून पाहा. जे निदान श्रावणात होणार नाही ते आज पाच मिनिटांत होईल. उलट जी भिंत आता कोरडी आहे आणि पावसाळ्यात ओली होते तिच्यावरील डागाची कड यंदा पेन्सिलीने आखून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. मोठी सर आल्यावर दोन तासांत डाग वाढतो की दोन दिवसांनी, हे कळले की पाणी किती लांबून येते याचा अदमास लागतो.

दुसरे साधन म्हणजे चांदीसारख्या कागदाचा हातभर तुकडा, स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळतात तो. ओल्या भिंतीवर तो चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. त्याच्या खोलीकडील अंगावर दव आले तर दोष हवेचा. भिंतीकडील अंगावर पाणी आले तर ओल भिंतीतून येते. हवेच्या ओलीवर उपाय खिडकी उघडण्याचा आहे, गिलाव्याचा नाही. पावसाळ्यात खोलीत कपडे वाळत घालावयाचे, खिडक्या बंद ठेवावयाच्या, कपाट बाहेरच्या भिंतीला घट्ट लावावयाचे आणि मग कपाटामागे बुरशी आली म्हणून रंगाऱ्याला दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि समोरासमोरच्या खिडक्या रोज थोडा वेळ उघड्या ठेवा.

तिसरे साधन पाण्याच्या मीटरचे. रात्री निजताना सर्व तोट्या बंद कराव्या, मीटरवरील आकडा लिहून घ्यावा आणि सकाळी कोणी तोटी सोडण्यापूर्वी पुन्हा पाहावा. टाकी भरण्याची तोटी बंद असताना आकडा पुढे गेला असेल, तर मीटर आणि ती तोटी यांच्यामध्ये नळ कोठे तरी फुटलेला आहे. टाकीच्या पुढच्या नळांसाठी टाकीतील पाण्याच्या पातळीची खूण करून तीच परीक्षा करावी. तोटी ठिबकत असेल तर वायसर बदलण्याचा आळस करू नये. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. ते एकदा बादलीत धरून पाहा.

आता जुन्या घरांकडे वळू. आपल्या गावांच्या पेठांतून अजून वाडे उभे आहेत. त्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, विटांच्या, दगडांच्या, आणि सांधा चुन्याचा किंवा मातीचा. या घरांचा स्वभाव समजून घेतल्याखेरीज त्यांना हात लावणे धोक्याचे आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातले की ती फुलते आणि विरते. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीवर लावला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. पण हा दगड सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. जुनी भिंत पावसाळ्यात ओलावते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात सुकते. तिचे शेकडो वर्षांचे आरोग्य या सुकण्यात आहे.

सिमेंटची गोष्ट निराळी. जोसेफ अॅस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि आपल्या देशात पोरबंदरला १९१४ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. सिमेंट हे उत्तम द्रव्य आहे, त्याची निंदा मी करीत नाही. पण ते घट्ट आहे. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की जमिनीतून चढलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. ते गिलाव्याच्या मागून आणखी वर चढते. पूर्वी ओल दोन फुटांवर होती, ती आता चार फुटांवर दिसू लागते. मालक म्हणतो, गिलावा आणखी वर न्या. पाणीही आणखी वर जाते! पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साठतात, त्यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. गिलावा फुगतो, सुटतो, आणि सुटताना भिंतीचे कवच घेऊन खाली येतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मग खरा उपाय कोणता? आधी घराबाहेर जाऊन जोते पाहावे. अनेक पेठांत असे झाले आहे की रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढत गेला आणि ज्या घराला चढून जाण्यासाठी तीन पायऱ्या होत्या त्याचा उंबरठा रस्त्याच्या बरोबरीला आला. काही घरांत तर आता उतरून जावे लागते. अशा घराची भिंत जमिनीतच उभी आहे. शिवाय आपण हौसेने भिंतीला लागून बाग करतो आणि रोज भिंतीच्या मुळाशी पाणी घालतो. नव्या घरांत जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर घातलेला असतो, पण त्याच्याही वर माती चढवली की ओल त्याला वळसा घालून जाते. म्हणून भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवा, फरशीचा उतार घरापासून दूर काढा, कुंड्या आणि वाफे हलवा, पन्हळीचे पाणी भिंतीशी न सांडता गटारापर्यंत न्या. आतल्या बाजूने सुटलेला सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग खरवडून काढा आणि भिंतीला एक उन्हाळा मोकळी सुकू द्या. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी द्या. या कामाला पैसा थोडा लागतो, धीर मात्र पुष्कळ लागतो.

आता वर जाऊ. कौलारू छपर हे पाण्याला वाट देण्याच्या कलेचा उत्तम नमुना आहे. ते पाणी अडवीत नाही, उतरवून देते. कोकणात आणि देशावर जी मंगलोरी कौले सर्वत्र पसरली त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला काढला. या कौलांना खाचा असतात. खाचेत पाला आणि माती साठली की पाणी उलटे चढते व आत येते. म्हणून दर उन्हाळ्यात कौले झाडणे, फुटकी बदलणे आणि कुजलेला वासा नखाने टोचून पाहणे एवढे केले की पुरे. पन्हळीत गेल्या वर्षाचा पाला असेल तर तो काढल्यावाचून पहिल्या पावसाला सामोरे जाऊ नये. छपरावर चढताना कौलावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय कधीही देऊ नये, आडवी फळी टाकून तिच्यावरून चालावे. पत्रा फुटून माणूस खाली पडतो, तेव्हा वाचवलेली मजुरी फार महाग पडते.

सपाट छपराचा प्रश्न निराळा. येथे मला एक दुःखद प्रसंग सांगितला पाहिजे. मराठवाड्यात धाब्याची घरे फार जुनी. जाड दगडी भिंती, दगडांचा सांधा मातीचा, वर लाकडी तुळया आणि फळ्या, आणि त्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात या घरासारखा गारवा नाही. पण धाबे गळू लागले की त्यावर आणखी माती टाकावयाची, ही वहिवाट. बाप टाकी, मुलगा टाकी, नातू टाकी. असे होत होत तो थर कोठे कोठे दीड-दोन फुटांवर गेला. दीड फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे सातशे किलो. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा एका लहान खोलीच्या माथ्यावर आठ हजार किलोंहून अधिक भार! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे झोपेत होती. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप हे कारण खरेच, भिंतींचे दगड एकमेकांत नीट गुंफलेले नव्हते हेही खरे. पण भिंत फाकली तेव्हा वरून जे कोसळले ते पिढ्यान्पिढ्यांनी गळती थांबविण्यासाठी घातलेले थर होते. कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने आपल्या लेकराबाळांच्या अंगावर थेंब पडू नये म्हणूनच माती टाकली होती. काढण्याचा विचार मात्र कोणी केला नाही, कारण घालणे सोपे आणि काढणे कष्टाचे.

आपण शहरातली माणसे सिमेंटच्या स्लॅबखाली राहतो, आपल्याला याचे काय, असे कोणी मनात म्हणेल. त्याने आपल्या गच्चीवर किती थर आहेत हे मोजावे. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतो. साठ चौरस मीटरच्या गच्चीवर तो घातला तर बारा टन झाले, म्हणजे एक भरलेली मालमोटार आपण कायमची छपरावर उभी केली. वापरातल्या गच्चीचा आराखडा करताना माणसे आणि सामान यांचा भार म्हणून चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरतात. एका जादा कोब्याचे वजन त्याहून अधिक आहे. म्हणून नवा कोबा घालावयाचा असेल तर जुना आधी काढलाच पाहिजे. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, काढायची गरज नाही, वरूनच मारून देतो.’ काढण्यात मजुरी जाते, राडारोडा वाहून न्यावा लागतो, म्हणून तो असे म्हणतो. आपण ते ऐकू नये.

पुष्कळदा नव्या कोब्याची गरजच नसते. गच्ची नीट पाहिली तर गळतीची कारणे तीन-चार ठिकाणीच सापडतात. पाणी जाण्याचे तोंड पाल्याने तुंबलेले असते, किंवा ते तोंडच गच्चीच्या पातळीपेक्षा उंच बसवलेले असते. उतार कमी असतो. शंभर फुटांत निदान एक फूट उतार हवाच. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यात भेग असते. तेथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी लागते, गवंडी तिला वाटा म्हणतात. छज्जाच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक खाच हवी. ती नसली की पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून उलटे भिंतीपर्यंत चालत येते. परीक्षा करावयाची असेल तर स्लॅब चांगल्या स्थितीत आहे याची खात्री करून घ्यावी, पाणी जाण्याची तोंडे गोणपाटाने बंद करावी, इंचभर पाणी २४ तास उभे ठेवावे आणि खालून पाहावे. आजकाल बाजारात निरनिराळी रासायनिक लेपने मिळतात. ती निरुपयोगी आहेत असे नाही. पण लेप हा स्वच्छ, कोरड्या आणि उतार असलेल्या पृष्ठभागावर काम करतो. साचलेल्या डबक्याखाली कोणताच लेप फार दिवस टिकत नाही.

याहून गंभीर प्रश्न सळईचा आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंड सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या क्षारधर्मामुळे ते गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून हा क्षारधर्म कमी करतो आणि समुद्रकाठी मिठाची हवा त्याला हातभार लावते. पाणी पोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून ढकलतो आणि काँक्रीट फुटते. छतावर सरळ रेषेत भेग दिसली, तिच्याकडेने तांबूस डाग दिसला किंवा लाकडी दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर ही गोष्ट रंगाऱ्याची नाही. अशा ठिकाणी सुटलेले काँक्रीट काढून सळई सर्व बाजूंनी घासून साफ करावी लागते, झिजली असेल तर जोड द्यावी लागते आणि हे करताना खाली टेकू लावावे लागतात. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. वरून गिलावा थापला तर तो एखाद्या दुपारी पाळण्यावर पडेल.

भेगांचेही तसेच. गिलाव्यावरील केसासारख्या भेगांना भिऊ नये. पण खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, आरपार गेलेली भेग निराळी. दारे एकाएकी अडकू लागली तर तिच्याकडे पाहिलेच पाहिजे. भेगेवर काचेची लहान पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवावी व तारीख घालावी. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. जिवंत भेग बुजविण्यात अर्थ नाही, आधी पाया का हलतो ते शोधले पाहिजे. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासून घेणे महापालिका कायद्याने बंधनकारक केले आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. सभेत हा विषय निघाला की ‘वर्गणी किती?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. इमारत किती दिवस उभी राहील, हा प्रश्नही एखाद्याने विचारावा.

सभेचा विषय निघालाच आहे तर वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांच्या भांडणाविषयी दोन शब्द बोलतो. खालच्यांच्या मोरीच्या छतातून पाणी ठिबकते. वरचे म्हणतात, आमची मोरी कोरडी ठणठणीत आहे. वर्षानुवर्षांचा घरोबा एका डागापायी तुटतो. येथे वादापेक्षा रंग बरा. मिठाईत घालतात तो खाण्याचा रंग पाण्यात कालवून वरच्या मोरीच्या जाळीत ओतावा आणि दोन दिवस खाली पाहावे. रंगीत पाणी उतरले तर दोष जाळीच्या जोडात किंवा सांडपाण्याच्या नळात आहे. न उतरले तर फरशीच्या सांध्यांवर किंवा दाबाच्या नळावर संशय घ्यावा. रंग हा निःपक्षपाती साक्षीदार आहे, तो कोणाचा भाऊबंद नाही. उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे आणि मोरी-संडासाची आतील गळती ज्या त्या सभासदाचे. तेव्हा निदान आधी, खर्च नंतर आणि भांडण शक्य तर कधीच नाही, असा क्रम ठेवावा.

आता कोणते काम स्वतः करावे? वायसर बदलणे, पन्हळ आणि जाळ्या साफ करणे, फरशीचे सांधे भरणे, दार घासणे, चौकटीला तेलपाणी करणे ही कामे घरातल्या मुलांना हाताशी घेऊन करण्यासारखी आहेत. ज्याने एकदा स्वतः मोरी घासली त्याला तिचा सांधा कोठे सुटला आहे हे कोणी सांगावे लागत नाही. मात्र ओल्या भिंतीतील विजेच्या बटनाला हात लावू नये. मुख्य बटन बंद करून वायरमनला बोलवावे. गळता प्रवाह कळताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे यंत्र फळीवर बसवून घ्यावे आणि त्यावरील चाचणीची कळ मधून मधून दाबून पाहावी. शिडी लावताना चार हात उंचीला एक हात पाया पुढे घ्यावा आणि खाली धरायला माणूस ठेवावा.

गवंड्याकडून काम करून घेताना शेजारी उभे राहिले पाहिजे. सिमेंटची पिशवी तीन महिन्यांहून जुनी नसावी. वाळू स्वच्छ असावी, खारी नसावी. आतल्या गिलाव्याला एकास सहा आणि बाहेरच्या भिंतीला एकास चार हे प्रमाण घमेल्याने मोजून घ्यावे, नजरेने नव्हे. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा. चहा पिऊन आल्यावर त्यात पुन्हा पाणी ओतू देऊ नये. आणि निदान सात दिवस पाणी मारावे. हे शेवटचे काम मजुराचे नसून मालकाचे आहे, कारण मजूर तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. आयुष्यभर पाण्याशी वैर धरणाऱ्या गिलाव्याला पहिला आठवडा मात्र पाणीच लागते.

समारोपादाखल येत्या दिवसांचा कार्यक्रम सांगतो. या आठवड्यात भिंतींना हात लावून पाहा, मीटर तपासा, छत ठोकून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात गच्ची, पन्हळ, कौले आणि गटारे साफ करा, भिंतीलगतची माती उतरवा. त्यानंतर जे काम खरोखर गवंड्याचे आहे तेवढेच त्याच्याकडून करून घ्या, म्हणजे मृगापूर्वी ते सुकेल. आणि जे काम अभियंत्याचे आहे ते पुढे ढकलू नका. रंगाचा खर्च यंदा टळला तरी चालेल.